उजवीकडे लोंबणारी वजाबाकी

"मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

समोर बसलेली प्रोग्रामर नुसती चुळबुळत होती. खाली औषधपंपांची बारा खोकी गाडीत चढली होती आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता. पंपाचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला, चाचण्या सगळ्या पास. पण अठ्ठावीस वर्षं वॉर्ड सांभाळून इथे कंपनीत डोसची सूत्रं लिहायला आलेल्या सिस्टर एकदा बसल्या की बसल्या.

"कळायचं काय आहे त्यात!" तिने कागद ओढला. "तुम्ही लिहिलंत, दिवसाची मर्यादा शंभर, वजा सकाळचे चाळीस, वजा दुपारचे दहा. मशीन त्याचं आधी उलटं झाड करतं. मूळ वर, फांद्या खाली. सगळ्यांत खालचं आधी सोडवायचं, मग वर यायचं. ही डावी फांदी, शंभर वजा चाळीस. उजवीकडे नुसते दहा. उरले पन्नास. तिसरा डोस पन्नासच्या आत. झालं?"

"हे तुमचं झाड. मशीनचं दाखवा."

तिने कपाळाला आठ्या घालत ते स्क्रीनवर काढलं. सिस्टरनी चष्मा सारखा केला, एकदा कागद बघितला, एकदा स्क्रीन.

"इथे खालची वजाबाकी उजवीकडे लोंबतेय. चालतं का तसं?"

'चालतं' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिने नीट बघितलं. चाळीस वजा दहा, तीस. शंभर वजा तीस, सत्तर. म्हणजे तिसऱ्या डोसला पंप पन्नासऐवजी सत्तर देऊ देणार. चाचण्यांत तिने एकच डोस वजा करून पाहिला होता. दोन वजाबाक्या एकापुढे एक आल्या तर काय होतं, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"नाही चालत," ती म्हणाली. "माझं चुकलंय. गाडी थांबवते."

दारापर्यंत गेली आणि थबकली. "सिस्टर, एक पंप आज सकाळीच गेलाय. तुमच्याच जुन्या वॉर्डात. वापरून बघायला."

सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं. तिसरा डोस सहाचा. सहाला दहा कमी होते. त्यांनी फोन ओढला. नंबर पाठ होता.

"मी बोलतेय. नव्या पंपाने सहाचा डोस देऊ नका. हाताने मोजून द्या."

पलीकडून कुणीतरी का म्हणून विचारलं. सिस्टरनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"सांगा."