शिल्लक रजा

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकून वीस मिनिटं झाली होती. कारकुनाने लाल बटण इतक्या वेळा दाबलं होतं, की जाळीतून येणारा रखवालदाराचा आवाजही आता वैतागला होता.

"मेकॅनिक निघालाय साहेब. तासभर तरी लागेल."

"तासभर?" कोपऱ्यातल्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. "माझी चारची बस गेली म्हणजे साडेपाचची धार गेली. नऊ गाई आहेत माझ्या. हंबरून गोठा डोक्यावर घेतील."

त्या सहाव्या मजल्यावर, दूध संघाच्या कचेरीत सही करायला निघाल्या होत्या. सकाळी बसमध्ये डोळा लागला, उतरायचं ठिकाण मागे पडलं आणि त्या थेट डेपोत पोचल्या. "कंडक्टरने हलवून उठवलं. बसायला मिळालं की मला झोपच लागते, काय करू!"

कारकून हसला. त्यानेही आपली फजिती सांगितली. एका रविवारी सहलीला जाताना एका स्टेशनवर तो चहाला उतरला आणि गाडी सुटली. बायको, मुलं, सामान, फोन, सगळं पुढे गेलं. पुढची गाडी तीन तासांनी. "फलाटावर नुसता बसून होतो. खरं सांगू? कित्येक वर्षांत तेवढेच तीन तास मला कुणी हाक मारली नाही."

पंखा बंद पडला होता. हवा कोंदट झाली होती, आणि पाय पसरावेत म्हटलं तर समोरची भिंत आड येत होती. बाईंनी चपला काढून खाली फतकल मारली. तोही शेजारी टेकला. मग बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघून गेली.

"मी वर राजीनामा द्यायला चाललोय. चौदा वर्षं विम्याचे कागद तपासतोय. नऊ ते सहा खुर्चीला बांधलेला. आता पुरे. शेती करणार, चार गाई घेणार. आपण आपले राजे."

"राजे," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "कधी धार काढलीत?"

"व्हिडिओ बघितलेत."

बाईंनी पदराने मान पुसली. "माझी मुलगी बाळंत झाली, त्याला दीड वर्ष झालं. सकाळची धार काढून गेले, नातवाला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळच्या धारेला परत. तेवढंच पाहिलंय त्याला. आमचे मालक गेल्यापासून एक रात्र घराबाहेर काढली नाही. शेजारीण मदतीला येते, पण दोन गाई झाल्या की तिचे हात भरून येतात. तुम्हाला रजा असते ना?"

"असते. एकवीस दिवस शिल्लक आहेत."

"भरपगारी?"

"हो."

"आणि घेत नाही?"

साहेब कपाळाला आठ्या घालतात, टेबलावर ढीग साचतो. ही उत्तरं एरवी त्याच्या जिभेवर असायची. या बाईंसमोर ती द्यायची त्याला लाज वाटली.

दीड तासाने लिफ्टला हिसका बसला. सहाव्या मजल्यावर दार उघडलं. चारची बस केव्हाच गेली होती. बाई चपला चढवून घाईघाईने बाहेर पडल्या, तसा कारकूनही मागोमाग उतरला.

"धार काढायला शिकायला किती दिवस लागतात?"

"हात बघू." बाईंनी त्याची बोटं दाबून पाहिली. "मऊ आहेत. चार दिवस धरा. का हो?"

त्याने का ते सांगितलं. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी त्याच्याच पेनाने त्याच्याच वहीत पत्ता लिहून दिला.

सातव्या मजल्यावर साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "आठ दिवस रजा? चौदा वर्षांत पहिल्यांदा! कुठे फिरायला वगैरे?"

"नाही साहेब," कारकून म्हणाला. "चार दिवस मी धार काढायला शिकणार, आणि पुढचे चार दिवस एक आजी नातवाकडे राहायला जाणार."