उत्पन्न : निरंक

माणूस पायरी चढत होता, तेवढ्यात भास्करने ब्रशांचा डबा पायाने बाकाखाली सरकवला.

"भास्कर पेंटर आपणच का?"

"होतो," भास्कर म्हणाला.

*रकाना ३. व्यवसाय : स्वतंत्र. दुकानांच्या पाट्या रंगवणे.*

गाडीतळापासून मांडवीपर्यंतच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग २००३ साली रत्नागिरीत फ्लेक्सचं मशीन आलं. सकाळी सांगितलेला बोर्ड संध्याकाळी टांगलेला, वर मालकाचा रंगीत फोटो. भास्करकडे शेवटचं गिऱ्हाईक आलं त्याला आता अकरा महिने झाले होते.

*रकाना ७. सध्याचे मासिक उत्पन्न : निरंक.*

मुंबईच्या कारागीर सहाय्य मंडळाचा हा अर्ज त्याने गणपतीनंतर पाठवला होता. मदत आली नाही तर दिवाळीनंतर नालासोपाऱ्याला जायचं, मेहुण्याच्या ओळखीने वॉचमन व्हायचं, असं ठरलं होतं. युनिफॉर्मसाठी मेहुण्याने छातीचं मापसुद्धा मागवून घेतलं होतं.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : 'आमचा माणूस न कळवता भेट देईल.'

त्या ओळीचा अर्थ मालगुंडच्या रघू सायकलवाल्याने सांगितला होता. "गिऱ्हाईक होऊन येतो मेला! माझ्याकडे आला, शाळेच्या चाळीस सायकली दिल्यान् दुरुस्तीला. मी घेतल्या. झालं! मंडळाचं पत्र आलं, काम आहे तर पैसे नाहीत. भास्कर, तू हावरटपणा करू नको हां."

म्हणून भास्कर आता बाकावर ताठ बसला होता.

"मी रावजी घाग. सावर्ड्याहून आलो," माणूस म्हणाला. त्याने छत्री दाराला टेकवली, काखेतली फाईल मांडीवर घेतली आणि भिंतीवरचे जुने नमुने एकेक करून पाहिले. फार वेळ पाहिले. "काम आहे एक. शाळांच्या भिंती रंगवायच्या. पाढे, मुळाक्षरं, जिल्ह्याचा नकाशा. अठ्ठावीस शाळा आहेत."

"अठ्ठावीस?"

"दोन वर्षं पुरेल."

इतकं मोठं काम रत्नागिरीत कधी कुणी पायरी चढून आणून दिलं नव्हतं. भास्करने मान हलवली. "फ्लेक्स लावा की. स्वस्त पडेल."

"पोरं फाडतात हो. आणि हाताच्या अक्षराची सर त्याला नाही. घरी कोण कोण असतं?"

हा प्रश्न कुठलं गिऱ्हाईक विचारतं?

"बायको. मुलगी, दीपाली, आठवीत."

"बायको काही करते?"

"माझ्या नावाने बोटं मोडते," भास्कर म्हणाला.

आतून बायकोचा, राहीचा, खोकला ऐकू आला. ती चहा घेऊन बाहेर आली. कोरा चहा. दूध होतं घरात, पण ते दाखवण्यात अर्थ नव्हता.

"वहिनी, यांना सांगा जरा. काम नको म्हणतायत."

"त्यांना झेपत नाही आता," राही कपाकडे बघत म्हणाली.

"असं कसं? परवा कुणीतरी म्हणालं, 'श्री' काढावा तर भास्करने." रावजीने फाईलमधून एक कोरा कागद काढून बाकावर ठेवला. "एक काढा बरं. पुढे काम नको असेल तर नको. माझ्यासाठी म्हणून काढा."

प्रत्येक पाटीच्या डोक्यावर भास्कर आधी छोटा 'श्री' काढत असे. वेलांटी एका दमात. तीस वर्षांत ती कधी पुसावी लागली नव्हती.

त्याने बाकाखालून डबा ओढला. पाच नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडवला. हात कागदावर नेला आणि थांबला. मग त्याने मनगट सैल सोडलं. उभी रेघ वाकडी झाली. वेलांटी मध्येच तुटली आणि खाली रंगाचा ओघळ आला.

राहीने पदर तोंडाला लावला.

"हात कापतो," भास्कर म्हणाला. आवाज मात्र खरोखरच कापला. "वर्ष झालं. गेलं सगळं ते."

रावजीने एकदा कागदाकडे, एकदा भिंतीवरच्या नमुन्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "भास्करराव, नक्की ना? नीट विचार करून सांगा. मी परत येणार नाही."

"नक्की."

त्याने कागद वाळेपर्यंत वाट पाहिली, घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. चपला घालायला तो वाकला, तेव्हा फाईल राहीच्या समोर आली. कोपऱ्यात गोल शिक्का. अर्जावर होता तोच.

तो वळणाआड गेल्यावर ती भास्करच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "तोच होता! मंडळाचाच! मी डोळ्यांनी बघितलं!"

"मग? मी काय दूधखुळा आहे?"

"नाटकात का नाही गेलात हो तुम्ही?"

त्या दिवशी तिने बांगडे आणले, उधारीवर. भास्करने जेवताना दीपालीला ओघळ कसा पाडला त्याची नक्कल करून दाखवली. रात्री मात्र त्याने एकट्याने पाटीवर खडूने पाच-सहा 'श्री' काढून बघितले. सगळे नीट आले.

*रकाना १२. कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने येथे काही लिहू नये.*

बाराव्या दिवशी पाकीट आलं. पाकीट जाड होतं. राहीने ते आधी देवापुढे ठेवलं, मग भास्करने फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"स. न. वि. वि. आपला अर्ज मंडळाने पहिल्याच बैठकीत मंजूर केला होता."

"होता म्हणजे?" राहीने विचारलं.

भास्कर पुढे वाचत गेला, आवाज हळूहळू उतरत.

"मंडळ रोख मदत फक्त हातपाय न चालणाऱ्यांना देते आणि त्यासाठी सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. त्याचा कोरा नमुना सोबत जोडला आहे. बाकीच्यांना आम्ही त्यांच्याच धंद्यातले काम मिळवून देतो. ते घेताना कारागिराला आपण कुणाची मदत घेतो आहोत असे वाटू नये, म्हणून आमचा माणूस गिऱ्हाईक होऊन जातो."