काचेपलीकडची ज्योत

फरीदाबादच्या प्रयोगशाळेत प्रणिता सकाळपासून एका ज्योतीशी झगडत होती. गुडगावात नव्या काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्या बंद कॉम्प्युटर-खोल्यांतली आग विझवायला नवा वायू हवा होता, कारण ओझोनचा थर विरळ करतो म्हणून जुन्या वायूवर बंदी येत होती. प्रणिताचं मिश्रण हिशेबात अचूक बसत होतं. पण काचेच्या चाचणी-खोलीत ते कितीही सोडलं तरी तिथल्या वाटीतली ज्योत हलतसुद्धा नव्हती.

"गळती असणार," तिचे साहेब उदयसिंह वैतागून म्हणाले.

"बिल्कुल नाही सर. आतल्या मीटरवर प्राणवायू किती उतरलाय बघा ना. त्यात उंदीरसुद्धा जगणार नाही."

"मग हे जळतंय कशावर, यार? उद्या घेणारी पार्टी चाचणी बघायला येतेय!"

तिने नळी बदलली, दाराचं रबर बदललं आणि पुन्हा वायू सोडला. ज्योत देवघरातल्यासारखी संथ तेवत राहिली. प्रणिताला अगदी रडू यायचं बाकी होतं.

"इंधनातच काहीतरी खोट असेल," उदयसिंह म्हणाले. "इथे बाहेर मेणबत्ती पेटव, तीच आत ठेवू."

तिने नवी काडेपेटी उघडली. काडी घासली, तर टोक फुरफुरलं आणि विझलं. दुसरीही विझली, तिसरीही.

"काड्यासुद्धा दमट!" ती चिडून म्हणाली.

तिने वळून पाहिलं. उदयसिंह टेबलाला धरून वाकले होते आणि दुसऱ्या हाताने गळ्याचं बटण ओढत होते. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण छातीत श्वासच पुरेना.

काचेपलीकडची ज्योत हळूच उंच झाली.