गारठ्यातली कळ

दारात दिगंबर मिठाची गरम पुरचुंडी घेऊन उभा होता.

"बाई, गुडघा दुखतोय ना?"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या भरधाव रिक्षाने अनसूयाबाईंचा गुडघा मोडला, तेव्हा कोर्टाने त्यांनाच विचारलं होतं, याला तुरुंग की जोडपट्टा? त्यांनी रागाने पट्टा निवडला. दोघांच्याही गुडघ्यांवर एकेक पट्टा बसवला गेला; त्यांच्या गुडघ्यात कळ आली की ती पट्ट्यातून त्याच्याही गुडघ्यात उठायची. त्याला अद्दल घडावी म्हणून पहिला महिनाभर त्या मुद्दाम जिने चढल्या. मग एक दिवस तो लंगडत लंगडत शेक घेऊनच आला.

"अरे, पट्टे तर कोर्टाने कालच काढून घेतले," बाई म्हणाल्या. "तुला कसं कळलं?"

"आज गारठा आहे, बाई."

खाली बसून त्याने नेमकी दुखरी जागा शेकायला घेतली.