दुनळीतली चीर

सुंदररावांनी दुनळी बंदूक मधल्या सांध्यात वाकवून उघडली, नळ्या आभाळाकडे रोखल्या आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. डाग नव्हता, खड्डा नव्हता. उजेडाची वर्तुळं एकात एक बसवल्यासारखी पार टोकापर्यंत गेली होती. एखादं तरी वाकडं दिसावं, म्हणजे तिथं पोचा आहे असं म्हणता येईल, म्हणून त्यांनी नळ्या सावकाश फिरवून पाहिल्या. वर्तुळं काही वाकडी होईनात.

मग त्यांनी कागदाचा कपटा सांध्यात धरून बंदूक बंद केली. कपटा आत असा अडकला की ओढून निघेना, म्हणजे सांधाही घट्ट. कानाशी धरून हलवली, तर आत काही खुळखुळलं नाही. पेचांच्या खाचा कोऱ्या करकरीत होत्या. कुणा अडाण्यानं आत हात घातलेला नव्हता. दस्त्याचं लाकूड कोरडं. बंदूक विकायला काढणाऱ्या केशरबाईंचे मालक ती नळ्या खाली करून ठेवत असणार, नाहीतर तेल मुरून लाकूड काळं पडतं. इतकं जपणाऱ्या त्या गेलेल्या माणसाचाही सुंदररावांना राग आला.

उत्तरेश्वर लोहाराच्या भट्टीपुढे हे चाललं होतं. शेजारी त्रिंबकराव हात बांधून उभे होते. सुंदररावांनी हैदराबादेत एका नवाबाच्या शिकारखान्यात बारा वर्षं बंदुका पुसल्या होत्या. त्यांनी डोळा लावल्याशिवाय गेवराईच्या आसपास कुणी जुनी बंदूक घेत नसे. स्वतःपाशी मात्र एक ठासणीची. दारू भरून, ठासून होईतो रानडुक्कर गोदेपलीकडं जायचं. त्याच बंदुकीवर त्रिंबकराव नेम धरायला शिकले आणि तीच मागून नेऊन त्यांनी गेल्या महिन्यात बिबट्या पाडला. तहसीलदारानं कचेरीत बोलावून पाठ थोपटली, चांगल्या बंदुकीचा परवाना दिला. नेम कुणी शिकवला हे त्रिंबकरावांनी तिथं आवर्जून सांगितलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आणि आता मालकांमागं केशरबाईंनी दुनळी विकायला काढली, तर निरोप धाडला तोही त्रिंबकरावांनाच. ही बंदूक सुंदरराव पंधरा वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावर पाहत आले होते. आणखी एका खांद्यावर ती बघवणार नव्हती.

"काय म्हणता, अण्णा?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"डाव्या नळीला आतून चीर हाय," सुंदरराव म्हणाले. "लई बारीक हाय, तुमाला दिसायची न्हाई. चार बार सोसंल. पाचव्याला हात घिऊन जाईल."

त्रिंबकरावांनी नळीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. सुंदरराव मनातल्या मनात मांडे खाऊ लागले. बंदूक परत जाईल, आठ दिवस मध्ये जाऊ द्यायचे आणि मग आपणच केशरबाईंच्या दारात उभं राहायचं.

पण त्रिंबकरावांनी भलतंच काढलं. बाईंना त्यांनी शब्द दिला होता, तो मागं घ्यायला त्यांचं मन होईना. शिवाय माघारी धाडली तर बाई ती दुसऱ्या कुणाला देतील, आणि त्या बिचाऱ्याला विचारायला अण्णांसारखं माणूस असणार आहे का? त्यापेक्षा आपण घ्यावी आणि इथंच मोडून टाकावी. लोखंडाचे उत्तरेश्वरनं विळे करावेत.

सुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं. नुसती भिंतीला टांगून ठेवा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. घरात लेकरं आहेत, त्रिंबकराव म्हणाले. मग माझ्याकडं राहू द्या, पेच-स्प्रिंगा कामाला येतील, असंही ते चाचरत म्हणाले. त्यावर त्रिंबकरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा हात गेला तर मला कोण शिकवणार, अण्णा? न्हाई देणार मी."

सुंदररावांच्या अंगाची लाही लाही झाली. बिबट्या ह्याचा, परवाना ह्याचा, आणि आता मोठेपणाही ह्याचाच.

उत्तरेश्वरनं दस्ता वेगळा केला. घण घालण्याआधी लोखंडाला विचारायची त्याची सवय होती. त्यानं नळ्या एका बोटावर तोलल्या आणि हातोडीनं हलकेच एक टोला दिला. आवाज निघाला तो देवळातल्या घंटेसारखा, आणि किती तरी वेळ विरला नाही. लोहार बोट तसंच धरून ऐकत राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "चीर गेलेलं लोखंड बद्द वाजतंय. हे असं वाजत न्हाई."

त्रिंबकरावांनी सुंदररावांकडे पाहिलं. नजरेत शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एका शब्दानं बंदूक वाचली असती. पण वाचलेली बंदूक उद्या सकाळी त्रिंबकरावांच्या खांद्यावरून सुंदररावांच्याच दारापुढनं जाणार होती. घशाशी आलेला शब्द सुंदररावांनी गिळला.

"तुझं काम फाळाला धार लावायचं," ते उत्तरेश्वरला म्हणाले. "बंदुकीतलं मला नगं सांगूस. मार."

उत्तरेश्वरनं नळ्या ऐरणीवर ठेवल्या, पण घण उचलला नाही. घणाचा दांडा सुंदररावांकडे फिरवून तो बाजूला झाला.

"मग तुमच्या हातानं मारा."

सुंदररावांनी घण उचलला. नळ्या ऐरणीवरून घरंगळायला लागल्या, तेव्हा त्रिंबकराव खाली बसले आणि अण्णांचा घाव चुकू नये म्हणून त्यांनी त्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.