पाच किलोमीटर

पंढरीनाथ रोज सकाळी जवळच्या मुर्धा गावाकडे फिरायला जात. कालव्याच्या काठाने निघायचं, शेतांमधून मोठा वळसा घ्यायचा आणि परत रस्त्याला लागायचं. पूर्ण पाच किलोमीटर, असं ते सोसायटीत सगळ्यांना ऐकवत.

"मीपण येऊ का?" त्यांच्या पत्नी सुचेताबाईंनी एकदा विचारलं.

"तू? जिना चढताना तुला धाप लागते," ते शेजाऱ्यांसमोरच म्हणाले.

पंढरीनाथ दोन दिवस मुलीकडे पुण्याला गेले, तेव्हा सुचेताबाई एकट्याच निघाल्या. चार वेळा थांबल्या, दोन तास लागले, पण वळसा पुरा केला. शेवटच्या शेतात पालक खुडणाऱ्या बाईला त्यांनी कौतुकाने सांगितलं, "आमचे मिस्टर रोज इथून जातात. उंच आहेत, पांढरी टोपी घालतात."

"ते? ते तर तिकडं कालव्याच्या पुलावरच बसतात. तासभर मोबाइल बघतात नि जातात."

"पुढे येत नाहीत?"

"एकदा आलेले. कुत्रं भुंकलं, तसे माघारी फिरले. मग कधी आलेच न्हाय."

पुण्याहून आल्यावर दुसऱ्या सकाळी पंढरीनाथ बूट घालत होते. सुचेताबाईंनीही चपला चढवल्या.

"आता हे काय नवीन? अर्ध्या वाटेतून तुला परत कोण आणणार?"

"कोणी नको," पाण्याची बाटली पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "तुम्ही आपले पुलावर बसा. माझं चालून झालं की हाक मारते."