पाटीवर नसलेलं नाव

"पाटीवर नाव नव्हतं," मुकादमानं मॅनेजरला पाचव्यांदा सांगितलं.

मॅनेजर खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाला. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की असंच "हं" म्हणतात.

साबणाच्या त्या कारखान्यात हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरला सगळे पाटीच म्हणत. प्रत्येक खात्याला एक पाटी, आणि साऱ्या पाट्यांवर सर्व्हरवरची एकच फाइल उघडायची. फाइलीचं नाव 'आत कोण'. साबणाचा घोळ ढवळणाऱ्या टाकीत साफसफाईला उतरणाऱ्यानं तिच्यात आपलं नाव लिहायचं, पाटी बाहेर खुंटीला टांगायची आणि वर आल्यावर नाव पुसायचं. आपलं नाव आपणच लिहायचं, आपणच पुसायचं, दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. मुकादमानं फाइल कोरी आहे एवढं बघायचं आणि टाकीतली ढवळणी सुरू करायचं बटण दाबायचं. पूर्वी तो बारा पायऱ्या चढून टाकीत डोकावत असे. पाट्या आल्या आणि गुडघ्यांची सुटका झाली.

अठरा दिवसांपूर्वी त्यानं फाइल कोरी बघितली आणि बटण दाबलं. टाकीत त्याचा मेहुणा होता, सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा.

पोलिसांनी अपघात लिहून कागद मिटले. लोकांनी मात्र आपला निकाल लावून टाकला होता, की म्हाताऱ्यानं पाटी बघितलीच नाही. पडत्यावर पाय देणारे कमी नसतात. परवा तर बायकोनंही ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्ही बघितली होती ना हो, खरंच?" तो ताटावरून उठला. आता त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. बघितली होती की बघितल्यासारखं केलं होतं?

एकच आशा उरली होती. टाकीजवळ नेटवर्क अधूनमधून तुटतं, आणि ते तुटलं की पाटी काही न बोलता आधीची जुनी फाइल दाखवत राहते. तसं झालं असलं तर निदान पाटीचा दोष. त्यानं मॅनेजरचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते, तेव्हा कुठे सर्व्हरवाल्याला बोलावणं गेलं.

जेवणाच्या सुट्टीत तो बहिणीकडे गेला. ती वजनखोलीत एकटीच असायची, टाकीत जाणारा माल तोलून द्यायची. आठव्या दिवशीच कामावर हजर झाली होती.

"जेवलास का दादा?"

त्याला तिच्याकडे बघवेना. त्या दिवशी निरोपही तिनंच दिला होता. माल तोलून झालाय, टाकी सुरू कर दादा, नाहीतर घट्ट होईल. बिचारीला काय माहीत, आपण कुणासाठी घाई करतोय! आणि तिचा संसार टिकावा म्हणून त्यानं काय कमी खटपट केली होती? दोनदा ती पिशवी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, दोनदा त्यानंच "भांड्याला भांडं लागायचंच" म्हणत तिला परत नेऊन सोडलं. दुसऱ्या खेपेला तर ती त्याचा हातच सोडेना. दोनदा सांधलेला तो संसार शेवटी त्यानंच एका बोटानं संपवला.

"उद्या सर्व्हरवाला येतोय," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझ्या पाटीवर त्या वेळी काय दिसत होतं, ते सर्व्हरवर लिहून राहतं म्हणे."

ती काटा पुसत होती. तिचा हात थांबला. "सगळं लिहून राहतं?"

"म्हणतात तसं."

"नको दादा. हात दाखवून अवलक्षण कशाला? गेलेला माणूस गेला. मी तुला एका शब्दानं बोलले का?"

"बोलली नाहीस, तेच तर सोसवत नाही गं."

"नेटवर्क गेलं होतं म्हणून सांग. लोक विसरतात."

"लोकांचं सोड. मला कळायला हवं."

"माझ्यासाठी म्हणून सोडून दे ना," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. अठरा दिवसांत तो तिला पहिल्यांदाच रडताना बघत होता. साचलेलं एकदाचं बाहेर पडलं म्हणून त्याला बरंच वाटलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कामावर परतला.

सर्व्हरवाला दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आला. अबोल माणूस. चहाही नको म्हणाला. मॅनेजरच्या टेबलाशी बसून अर्धा तास नुसत्या ओळी वाचत राहिला. मुकादम भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली होती, पण बसवत नव्हतं.

"तुमच्या पाटीनं अकरा अठ्ठावीसला फाइल उघडली," सर्व्हरवाला म्हणाला. "नेटवर्क चालू होतं. दिसली ती ताजी फाइल, जुनी नव्हे."

मुकादम भिंतीपासून पुढे झाला. "म्हणजे नाव होतं?"

"नव्हतं. तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं."

मुकादम मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मॅनेजरनं स्वतः उठून त्याला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. एकोणीस दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला.

"त्यानंच पुसलं असणार," तो डोळे पुसत म्हणाला. "उतरायच्या गडबडीत, चुकून."

"नाही. त्यांनी नाव अकरा पाचला लिहिलं, त्यानंतर त्यांची पाटी खुंटीवरच होती. तिला कुणी हात लावलेला नाही." सर्व्हरवाल्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "नाव अकरा पंचवीसला पुसलंय, दुसऱ्या पाटीवरून."

"कुठल्या?" मॅनेजरनं विचारलं.

"वजनखोलीतल्या. तिथं कोण असतं?"